विहीर फक्त गुणाकार सांगते

माझ्या ऑफिसातल्या कामाबद्दल मी इथे सहसा लिहीत नाही. एक तर एनडीए नावाचं प्रकरण असतं, आणि दुसरं म्हणजे शनिवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन दुसऱ्याच्या ऑफिसच्या गोष्टी कोणाला वाचायच्या असतात? पण गेले काही महिने ज्या विषयात मान खुपसून बसलोय तो इतका भन्नाट निघाला की राहवत नाही. क्लायंटचं नाव-गाव बाजूला ठेवतो. विषय आहे घट्ट खडकात अडकलेला नैसर्गिक वायू, म्हणजे ‘टाइट गॅस’. आणि प्रश्न एकच. जमिनीखाली तीन-चार किलोमीटरवर आपण मुद्दाम एक भेग पाडली. ती किती लांब गेली, हे वर बसून ओळखायचं कसं?

आम्ही पुण्यात बसून लिहितो ते सॉफ्टवेअर हेच करतं. विहिरीतून रोज किती गॅस आला आणि त्यावेळी दाब किती होता, हे दोन रकाने आत जातात. बाहेर येतात भेगेची लांबी, खडकाचा गुणधर्म आणि पुढच्या तीस वर्षांत एकूण किती गॅस निघेल याचा आकडा. ऐकायला जादू वाटते. जादू नाहीये. उलट मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की विहीर तुम्हाला एक गोष्ट अगदी स्वच्छ सांगते आणि दुसरी सांगतच नाही. मात्र स्क्रीनवर दोन्ही सारख्याच ठळक अक्षरांत दिसू शकतात!

आधी खडकाबद्दल. जमिनीखाली तेल-गॅसचं ‘तळं’ असतं अशी आपली एक समजूत असते. तसं काही नसतं. गॅस खडकाच्या कणांमधल्या बारीक छिद्रांत असतो. छिद्रं किती आहेत हा एक प्रश्न आणि ती एकमेकांना जोडलेली किती आहेत हा दुसरा. आपल्याकडे ज्यांनी बोअरवेल खणलीये त्यांना हे वेगळं सांगायला नको. काळ्या पाषाणात शेजाऱ्याला दीडशे फुटांवर पाणी लागतं आणि आपल्याला चारशे फुटांवर नुसती धूळ, कारण त्याच्या वाटेत फट आली, आपल्या आली नाही. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अशा कमी पाण्याच्या विंधण विहिरींचं ‘जलभंजन’ करते, म्हणजे जोरदार दाबाने पाणी आत सोडून बुजलेल्या फटी मोकळ्या करते. आज सांगतोय ती गोष्ट याचीच थोरली चुलत बहीण समजा.

खडकातून द्रव किंवा वायू किती सहज वाहतो, याला पर्मिअॅबिलिटी म्हणतात आणि ती मोजतात ‘डार्सी’मध्ये. हेन्री डार्सी हा फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा इंजिनिअर. शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून त्याने जो नियम शोधला, तो १८५६ साली प्रसिद्ध झाला. आज जगातली प्रत्येक तेलविहीर त्याच नियमावर चालते. चांगला वाळूचा खडक असेल तर पर्मिअॅबिलिटी शेकडो मिलिडार्सी असते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर घट्ट खडकातल्या गॅसला भावात सवलत द्यायची ठरली, तेव्हा रेघ ओढली गेली ०.१ मिलिडार्सीवर. त्याखालचा तो ‘टाइट’. आणि मी ज्यांचा डेटा बघतो तशा खडकांत आकडा येतो ०.०१ किंवा ०.००१. म्हणजे चांगल्या खडकाच्या दहा हजारावा, लाखावा भाग. गॅस आहे, भरपूर आहे, पण तो विहिरीपर्यंत चालत यायला तयार नाही.

या प्रकारच्या गॅसचं एक नामांकित ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातला सब्लेट परगणा. तिथे शेजारी-शेजारी दोन क्षेत्रं आहेत, जोना आणि पाइनडेल. उंचावरचं थंड माळरान, सेजब्रश नावाची करडी झुडपं, लांबवर विंड रिव्हर पर्वताची बर्फाळ रांग. खाली आहे ‘लान्स’ नावाचा खडक. आपल्याकडे दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहत होता. त्याच्या थोडं आधी तिकडे नागमोडी नद्या वाळू टाकत होत्या. त्याच वाळूचा हा खडक. (वायोमिंगच्या पूर्व भागात याच लान्समध्ये ट्रायसेराटॉप्स आणि टी-रेक्सची हाडं सापडतात!) नद्यांनी टाकलेली असल्यामुळे ही वाळू सलग थरासारखी नाही. मसुराच्या डाळीच्या आकाराचे लहान-मोठे असंख्य तुकडे, मध्ये चिखलाचे थर, आणि हे सगळं उभ्या दिशेत हजारो फूट. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाइनडेलला गॅस आहे हे १९३९ पासून माहीत होतं. काढणं परवडत नव्हतं, एवढंच. मग १९६०-७० च्या दशकात एक अचाट कल्पना निघाली: खडक फुटत नाही ना? अणुबॉम्ब लावा! प्रकल्पाचं नाव ‘वॅगन व्हील’. एकाच विहिरीत एकामागोमाग पाच स्फोट, प्रत्येकी १०० किलोटन, म्हणजे हिरोशिमाच्या सहा-सात पट एकेक. मी थट्टा करत नाहीये. न्यू मेक्सिकोत १९६७ मध्ये आणि कोलोरॅडोत १९६९ व १९७३ मध्ये असे स्फोट खरोखर झाले. १९७३ च्या रिओ ब्लँको प्रयोगात एका विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तीन बॉम्ब उडवले. तिन्ही पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातील असा हिशेब होता. नंतर विहिरीतून गॅस काढून पाहिला तेव्हा कळलं की त्या अपेक्षेप्रमाणे जोडल्याच गेल्या नाहीत. बॉम्ब फुटला हे सगळ्यांना कळलं, पण खडकाचं काय झालं हे कळलं ते उत्पादनाच्या आकड्यांवरून! वर तो गॅस किरणोत्सारी, म्हणून विकता आला नाही तो नाहीच. सब्लेट परगण्यातल्या गुराख्यांनी आणि गावकऱ्यांनी वॅगन व्हीलला कडाडून विरोध केला आणि तो प्रकल्प शेवटी गुंडाळला गेला.

जिंकली ती जुनीच, साधी युक्ती. १९४७ साली कॅन्सासच्या ह्यूगोटन क्षेत्रात पहिल्यांदा हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंगचा प्रयोग झाला होता. हजार गॅलन घट्ट केलेलं पेट्रोल दाबाने आत सोडलं. विहिरीच्या उत्पादनात फारसा फरक पडला नाही, तरी कल्पना टिकली. १९४९ पासून ती धंद्यात आली. पुढे पेट्रोलच्या जागी पाणी आणि डिंकासारखं जेल आलं, आणि भेग पुन्हा मिटू नये म्हणून तिच्यात वाळू भरायला लागले. १९९० च्या दशकात जोनामध्ये हे तंत्र नीट बसलं. एका उभ्या विहिरीत खालपासून वरपर्यंत टप्प्याटप्प्याने डझनभर किंवा त्याहून जास्त वेळा खडक फोडायचा, म्हणजे वाळूच्या शक्य तितक्या तुकड्यांना हात लागतो. त्यानंतर दोन्ही क्षेत्रांत विहिरींची रांग लागली.

आता माझ्या कामाचा भाग. भेग विहिरीच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखी पसरते. एका पंखाच्या लांबीला ‘हाफ-लेंग्थ’ म्हणतात, मी ‘पंख’च म्हणेन. डिझाइनच्या कागदावर पंख समजा ५०० फूट लिहिलाय. पण वाळू टोकापर्यंत पोचली का? जेल विरघळून परत आलं की तिथेच चिकटून बसलं? भेग पडणं वेगळं आणि ती चालती राहणं वेगळं. उत्पादनाला मतलब फक्त चालत्या पंखाशी.

भेग पडल्यावर गॅस आधी निघतो तो भेगेच्या अगदी कडेचा. मग त्यामागचा, मग त्याच्याही मागचा. दाब कमी झाल्याची ‘बातमी’ खडकात आत आत सरकत जाते, पण तिची चाल विचित्र असते. दुप्पट अंतर जायला तिला चौपट वेळ लागतो. फ्रीझरमधला बर्फाचा जाड थर वितळायला पातळ थरापेक्षा किती जास्त वेळ लागतो ते आठवा. तोच हा नियम. याचा परिणाम असा की एकूण निघालेला गॅस वेळेच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो. पहिल्या वर्षी १०० पोती निघाली असं धरा (गॅस पोत्यात नसतो हे मला माहितीये :) ). चौथ्या वर्षाअखेर एकूण २००, नवव्या वर्षाअखेर ३००, आणि पंचविसाव्या वर्षाअखेर ५००. आलेखाच्या आडव्या अक्षावर वेळेचं वर्गमूळ घेतलं की सरळ रेघ येते. ती रेघ मी हजारो विहिरींच्या डेटात बघितली आहे आणि अजूनही बघताना छान वाटतं. मातीखालचा एवढा गोंधळ, आणि वर एक सरळ रेघ!

पण ही रेघ कायम चालत नाही. कधीतरी ती बातमी शेजारच्या विहिरीच्या हद्दीशी पोचते, किंवा वाळूचा तो मसूर संपतो. मग पुढे नवीन गॅस नाही, आहे तोच कमी होत जाणार. आपल्या उदाहरणात हे चौथ्या वर्षाअखेर घडलं आणि त्यानंतर उत्पादन दरवर्षी साधारण २२ टक्क्यांनी घटत गेलं असं धरा. तर एकूण बेरीज कुठे थांबेल? ३०० च्या आसपास. पाचशे नव्हे, तीनशे. आणि पहिली चार वर्षं दोन्ही विहिरी तंतोतंत सारख्या दिसतात.

तेलधंद्यात भविष्य सांगायचं जुनं सूत्र आहे जे. जे. आर्प्स यांचं, १९४५ सालचं. जुन्या विहिरींची घट एका वक्ररेषेत बसवायची आणि ती पुढे वाढवायची. त्यात एक घातांक असतो. नेहमीच्या खडकात, सगळीकडे हद्द लागल्यावर, तो शून्य ते एक यांच्यामध्ये येतो. टाइट गॅसच्या पहिल्या काही वर्षांचा डेटा त्यात घातला की घातांक एकच्या वर जातो. नुसता वर्गमूळवाला प्रवाह असेल तर दोनपर्यंत. गणित तक्रार करत नाही, वक्ररेषा देखणी बसते. पण घातांक एक किंवा त्याहून जास्त असेल तर ती वक्ररेषा अनंत काळापर्यंत वाढवल्यावर एकूण गॅस अनंत येतो! म्हणून समंजस लोक काही काळानंतर वक्ररेषा मुद्दाम मोडतात आणि पुढे ठरावीक टक्क्यांची घट धरतात. मोडायची कधी? ते डेटात नसतं. ते माणूस ठरवतो.

आता शीर्षकातला गुणाकार. त्या सरळ रेघेचा चढ आपल्याला काय सांगतो? भेगेचं क्षेत्रफळ गुणिले पर्मिअॅबिलिटीचं वर्गमूळ. एकत्र. वेगवेगळं नाही. खडकाची जाडी आणि बाकीच्या गोष्टी माहीत आहेत असं धरलं तरी उरतो पंखाची लांबी गुणिले पर्मिअॅबिलिटीचं वर्गमूळ. म्हणजे ३०० फुटांचा पंख आणि ०.००४ मिलिडार्सीचा खडक, किंवा १५० फुटांचा पंख आणि ०.०१६ मिलिडार्सीचा खडक. करून बघा कॅल्क्युलेटरवर, गुणाकार तोच येतो. रेघही तीच. विहीर म्हणते, ‘गुणाकार अठरा पूर्णांक नव्वद-काहीतरी आहे.’ त्याचे अवयव पाडा म्हटलं की गप्प.

आपल्या जातीच्या लोकांना हे लगेच कळेल. एक समीकरण, दोन अज्ञात. शाळेत सातवी-आठवीत हे ‘सोडवता येत नाही’ म्हणून शिकवलं होतं. पण सॉफ्टवेअर सोडवून दाखवतं! ऑप्टिमायझर कुठूनतरी सुरू होतो, दरीत उतरतो आणि जिथे पाय टेकतो ते उत्तर छापतो. इथे दरी खड्ड्यासारखी नसून लांब कालव्यासारखी असते. कालव्याच्या तळाशी कुठेही उभे राहा, चूक सारखीच कमी. सुरुवातीचा अंदाज बदलला की उत्तर बदलतं आणि फिट मात्र दोन्ही वेळा ०.९९. स्क्रीनवर येतं: पंखाची लांबी ३१२.४७ फूट. त्या शेवटच्या साडेपाच इंचांसकट!

मग अवयव पाडायचे कसे? त्यासाठी विहिरीबाहेरचा पुरावा लागतो. खडक फोडण्याआधी थोडंसं पाणी सोडून दाब कसा उतरतो ते बघायचं, त्यावरून पर्मिअॅबिलिटीचा स्वतंत्र अंदाज येतो. खडकाचा नमुना वर आणून प्रयोगशाळेत मोजायचा. पण त्यातही गंमत आहे. तो कोरडा करून, वरचं ओझं काढून मोजला तर आकडा फुगलेला येतो, खालच्या दाबात आणि ओलाव्यात तोच कितीतरी पट कमी असतो. भेग पडताना होणारे बारीक हादरे शेजारच्या विहिरीतल्या उपकरणांनी ऐकायचे. त्यावरून खडक कुठपर्यंत तडकला हे कळतं, तिथपर्यंत वाळू पोचली का हे नाही. विहिरीत फिरकी असलेलं उपकरण सोडून कोणत्या टप्प्यातून किती गॅस येतोय हे मोजायचं. कारण डझनभर टप्प्यांचा गॅस वर एकाच पाइपातून येतो आणि आपण मात्र त्याला ‘एक भेग’ समजून गणित करतो.

आणि ती ‘एक भेग’ तरी एक असते का? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९८० च्या दशकात कोलोरॅडोत रायफल गावाजवळ एक मोठा प्रयोग केला, अगदी जवळजवळ तीन विहिरी खणून. तिथे पाडलेल्या एका भेगेतून नंतर तिरकी विहीर नेली आणि साधारण ७,१०० फूट खोलीवरून खडकाचा नमुना आरपार कापून वर आणला. पुस्तकातल्या चित्रात तिथे एक सरळ उभी रेघ असते. नमुन्यात चार फुटांत तीसेक समांतर चिरा होत्या, पलीकडे साठेक फुटांवर आणखी आठ, आणि चिरांच्या भिंतींवर जेलचा गाळ अजून चिकटलेला. मला वाटतं आमच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो नमुना कल्पनेत तरी एकदा समोर ठेवावा. आपलं मॉडेल एक स्वच्छ आयत काढतं. खाली आहे ती झाडूची काडी-काडी सुटलेली बाजू.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे रे, लांबी तीनशे असो की दीडशे, गॅस येतोय ना? फरक काय पडतो?

फरक पुढच्या विहिरीला पडतो. एका चौरस मैलात ६४० एकर. दर ४० एकरांना एक विहीर घेतली तर मैलात १६. दर १० एकरांना घेतली तर ६४. दर ५ एकरांना, तर १२८. दहा एकरांचा चौकोन म्हणजे एक बाजू ६६० फूट. पंख ३०० फुटांचा असेल तर दोन पंख मिळून ६०० फूट, म्हणजे चौकोन या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यापलाय. अजून दाट विहिरी घेतल्या तर त्या बऱ्याच अंशी एकमेकींच्याच ताटातलं खाणार. पंख १५० चा असेल तर दोन्ही टोकांना न शिवलेला खडक आहे, नवीन विहीर नवीन गॅस आणेल. एकच सरळ रेघ, आणि तिच्यावरून निघणारे दोन सल्ले परस्परांच्या उलट! त्यात लान्सचा तो मसूर. हद्द लवकर लागली तर पंख आखूड म्हणून लागली की वाळूच संपली म्हणून, हेही रेघ सांगत नाही.

जोना आणि पाइनडेलमध्ये विहिरी दाट होत गेल्या. जोनामध्ये १० एकरांपर्यंत, पाइनडेलमध्ये काही भागांत ५ एकरांपर्यंत. तिथे यासाठी चांगला पुरावाही होता. नवीन विहीर खणताना वाळूच्या एकेका तुकड्यातला दाब मोजता येतो. दाब मूळचाच असेल तर जुन्या विहिरीचा हात तिथे पोचलेला नाही, उतरलेला असेल तर पोचलाय. मसुरांच्या या खडकात कित्येक तुकडे अस्पर्श निघत. २००६ मध्ये सरकारी जमीन खात्याने जोनासाठी ३,१०० पर्यंत नव्या विहिरींना परवानगी दिली, २००८ मध्ये पाइनडेलसाठी ४,३९९.

या आकड्यांना जमिनीवर एक चेहरा आहे. पाइनडेलचं पठार म्हणजे म्यूल डिअर नावाच्या, खेचरासारखे मोठे कान असलेल्या हरणांची हिवाळ्यातली जागा. डोंगरात बर्फ पडलं की ती खाली या झुडपांत उतरतात. एकाच ओट्यावरून अनेक तिरक्या विहिरी खणून कंपन्यांनी जागा वाचवली, तरीही २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या अभ्यासात या भागातली हरणं ३६ टक्क्यांनी कमी झालेली दिसली, आणि उरलेली विहिरींपासून लांबच राहत होती. शिवाय हवा. ओझोनचं प्रदूषण म्हणजे उन्हाळ्यातल्या मोठ्या शहरांचं दुखणं. या ओसाड माळावर ते भर हिवाळ्यात झालं. थंड हवेचं झाकण, खाली अडकलेले विहिरींचे आणि इंजिनांचे वायू, आणि बर्फावरून परत उसळणारं ऊन. २०११ मध्ये पातळी अब्जात १०० भागांच्या वर गेली, तेव्हाची केंद्रीय मर्यादा ७५ होती. २०१२ मध्ये तो भाग अधिकृतपणे मर्यादेबाहेरचा जाहीर झाला.

आणि पैसा आहेच. २००८ च्या मध्यात अमेरिकेत गॅसचा भाव तेरा डॉलरच्या वर होता, एप्रिल २०१२ मध्ये दोनच्या खाली. पाइनडेलमधली एक मोठी कंपनी, अल्ट्रा पेट्रोलियम, २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. कारण घसरलेला भाव आणि कर्ज, विहिरीच्या वक्ररेषेला एकटीला दोष देता येणार नाही. पण कर्ज देताना बँका काय बघतात? जमिनीत किती गॅस उरलाय तो आकडा. म्हणजे फिरून ३०० की ५०० हाच प्रश्न. त्या दोनशे पोत्यांवर कोणीतरी कर्ज दिलेलं असतं, कोणाचं तरी पेन्शन त्या रोख्यांत असतं.

म्हणून आमच्या टीममध्ये या रिलीजला जो वाद झाला तो मला क्षुल्लक वाटत नाही. वापरणाऱ्यांची मागणी सरळ होती: एका विहिरीला एक लांबी द्या, एक्सेलच्या एका चौकटीत बसेल अशी. त्यांचंही बरोबर आहे, त्यांच्याकडे शेकडो विहिरी आहेत आणि सोमवारी मीटिंग. मी म्हणत होतो की गुणाकार ठळक छापा, कारण तो खरोखर मोजलेला आहे. लांबी आणि पर्मिअॅबिलिटी मात्र पट्टा म्हणून दाखवा, ‘एवढ्यापासून एवढ्यापर्यंत’, आणि बाहेरचा पुरावा टाइप केला तरच पट्टा आवळू द्या. तिकडचे एक ज्येष्ठ रिझर्व्हॉयर इंजिनिअर, ज्यांनी टेक्ससमध्ये कागदावर पेन्सिलीने आलेख काढण्यापासून सुरुवात केली होती, कॉलवर बराच वेळ शांत होते. मग म्हणाले, ‘पेन्सिलीची रेघ जाड असायची. तुमची रेघ एका पिक्सेलची आहे, एवढाच माझा आक्षेप आहे.’ पट्टा मंजूर झाला. एक चौकटही ठेवली, पण तिच्यात आकडा येण्याआधी पर्मिअॅबिलिटी कुठून आणली ते निवडावं लागतं. नमुना, चाचणी, की ‘अंदाज’. ‘अंदाज’ निवडला की तो शब्द आकड्याच्या शेजारी छापला जातो, रिपोर्टातसुद्धा. त्यावरून थोडी कुरकुर झाली, पण राहिला.

हे काम करायला लागल्यापासून मला एक सवय लागली आहे. कोणीही तीन वर्षांची सुंदर चढती रेघ दाखवली, मग ती म्युच्युअल फंडाची असो, स्टार्टअपची असो की गृहप्रकल्पाच्या भावाची, की मी आधी विचारतो: ही कोणत्या दोन गोष्टींचा गुणाकार आहे? आणि हद्द अजून लागलेली नाही की लागणारच नाहीये? बहुतेक वेळा समोरच्याकडे उत्तर नसतं. विहिरीकडेही नसतं, पण ती निदान आहे म्हणून सांगत नाही.

सोमवारी टेस्टिंगला चारशे विहिरींचा नवीन डेटा येतोय. त्यातल्या काही पंधरा वर्षं जुन्या आहेत, म्हणजे बहुतेकींना हद्द लागलेली असणार. पहिल्या तीन वर्षांचाच डेटा देऊन आमचा पट्टा त्यांचं पुढचं खरं उत्पादन कवेत घेतो का, ते बघायचंय.